दहा-नऊ : कारण न सांगणारा निकाल

16 नोव्हेंबर 2013 च्या रात्री लास व्हेगसमधल्या एमजीएम ग्रँडच्या सभागृहात जॉर्ज सेंट-पिएर आणि जॉनी हेंड्रिक्स यांची पाच फेऱ्यांची लढत संपली. कॅनडाचा सेंट-पिएर किताबधारक होता, अमेरिकेचा हेंड्रिक्स आव्हानवीर. केवळ चेहरे पाहून निकाल द्यायचा असता, तर बहुतेकांनी हेंड्रिक्सकडे बोट दाखवले असते, इतका सेंट-पिएरचा चेहरा सुजून काळानिळा झाला होता. मग तीन परीक्षकांच्या गुणपत्रिका वाचल्या गेल्या. पहिली 48-47, सेंट-पिएर. दुसरी 48-47, हेंड्रिक्स. तिसरी 48-47, पुन्हा सेंट-पिएर. किताब जागच्या जागी राहिला. लढत भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी त्याच रात्री पत्रकारांसमोर नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगावर सडकून टीका केली. महिना उलटण्याआधी सेंट-पिएरने किताब सोडला, आणि तो परत पिंजऱ्यात उतरला तो थेट 2017 मध्ये.

या निकालावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ‘दरोडा’ हा शब्द या खेळात अशा निकालांसाठी सर्रास वापरतात, तो इथेही वापरला गेला. मात्र गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या की वेगळेच चित्र दिसते. दुसरी आणि चौथी फेरी तिन्ही परीक्षकांनी हेंड्रिक्सला दिली. तिसरी आणि पाचवी तिघांनीही सेंट-पिएरला दिली. म्हणजे पाचांपैकी चार फेऱ्यांबाबत तिघांत काडीचाही मतभेद नव्हता. मतभेद झाला तो फक्त पहिल्या फेरीत. पंचवीस मिनिटांची लढत आणि जगज्जेतेपद हे शेवटी त्या पहिल्या पाच मिनिटांत कोण वरचढ होते या एका प्रश्नावर ठरले.

दरोड्याची भाषा या ठिकाणी अपुरी पडते. निकालाची चिकित्सा करायची तर परीक्षकांच्या हेतूपर्यंत जाण्याआधी त्यांना दिलेले कोष्टक पाहावे लागते. गुणपत्रिका काय नोंदवते, काय टाकून देते, आणि परीक्षकाला काय बोलू देत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

पंचाविना लढत

ज्यांनी या प्रकारची एकही लढत पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए, या खेळात ठोसे, लाथा, कोपर-गुडघ्यांचे फटके, कुस्तीतली पकड आणि जमिनीवर गळा आवळणे किंवा हात मुरगाळणे, हे सगळे चालते. साधी लढत तीन फेऱ्यांची आणि किताबाची पाच फेऱ्यांची. प्रत्येक फेरी पाच मिनिटांची. पिंजऱ्याच्या आत एक पंच असतो. तो लढत थांबवतो, नियमभंग झाला तर गुण कापतो. पण कोण जिंकले हे तो ठरवत नाही. पिंजऱ्याबाहेर तीन वेगवेगळ्या बाजूंना तीन परीक्षक बसतात. लढत नॉकआउटने किंवा शरणागतीने संपली, तर त्यांच्या कागदांना काही किंमत नाही. पूर्ण वेळ चालली, तर त्यांच्या कागदांखेरीज दुसऱ्या कशालाच किंमत नाही. अमेरिकेत हे परीक्षक कंपनी नेमत नाही, राज्याचा क्रीडा आयोग नेमतो. त्यामुळे कंपनीचा प्रमुखही प्रेक्षकांसारखाच निकालावर हात चोळत बसू शकतो.

सुरुवातीला परीक्षक नव्हतेच. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हर शहरात यूएफसीचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा कल्पना सरळ होती: कोणती युद्धकला श्रेष्ठ, हे लढतच सांगेल. एक जण बेशुद्ध पडेल, शरण येईल, किंवा त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल फेकला जाईल. आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीशी परिचय असलेल्या वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. जत्रेच्या फडात गुण नसत. कुस्ती चितपट व्हायची, नाहीतर बरोबरीत सोडवली जायची. आणि बरोबरीत सुटलेल्या कुस्तीवर पैलवानांचे चाहते वर्षभर वाद घालायचे.

यूएफसीलाही हा अनुभव लवकरच आला. एप्रिल 1995 मध्ये रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक यांची लढत छत्तीस मिनिटे चालली. बराच काळ शॅमरॉक वर आणि ग्रेसी खाली, आणि दोघेही अडकलेले. वेळ संपली, निकाल देणारा कोणी नव्हता, लढत अनिर्णित ठरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या स्पर्धेत परीक्षक बसवले गेले. 1999 मध्ये मुष्टियुद्धातली दहा गुणांची पद्धत उचलली गेली, आणि न्यू जर्सीच्या आयोगाने 2000-2001 च्या सुमारास तयार केलेल्या एकत्रित नियमावलीत ती पक्की झाली. आजही थोड्या फेरफारांसह तीच चालू आहे.

चितपटीलाही डोळा लागतोच. 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला, पंचाला लाथ मारण्यापर्यंत प्रकरण गेले आणि मल्लाचे तीन वर्षांसाठी निलंबन झाले. पण तिथे निदान प्रश्न तरी एकच होता. एमएमएच्या परीक्षकापुढे पाच मिनिटांत घडलेल्या शेकडो हालचाली असतात, आणि उत्तर मात्र एका आकड्यात द्यायचे असते.

दहाची सक्ती

या पद्धतीत फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यावेच लागतात. हरणाऱ्याला नऊ, फारच एकतर्फी फेरी असेल तर आठ. दहा-दहाची बरोबरी नियमात आहे, पण परीक्षकांनी ती टाळावी असाच दंडक आहे. परिणामी व्यवहारात जवळजवळ प्रत्येक फेरी 10-9 अशी नोंदली जाते.

गफलत इथेच सुरू होते. एका फेरीत दोघे तंतोतंत तुल्यबळ लढले आणि शेवटच्या दहा सेकंदांतल्या एका ठोशामुळे पारडे किंचित झुकले; नोंद 10-9. दुसऱ्या फेरीत एकाने दुसऱ्याला चार मिनिटे व्यवस्थित चोपले, पण पाडले नाही, नोंद 10-9. कागदावर दोन्ही फेऱ्यांचे वजन सारखे. दोन फेऱ्या केसभराने जिंकणारा, एक फेरी हातभराने जिंकणाऱ्याला हरवतो. प्रेक्षक लढत संपूर्ण पाहतो आणि मनात एकच बेरीज करतो. परीक्षकाला ती बेरीज करण्याची मुभाच नाही. त्याने तीन किंवा पाच सुटे निकाल द्यायचे, आणि आधीचे विसरून पुढच्याकडे वळायचे.

मुष्टियुद्धातले एक उदाहरण भारतीय वाचकांच्या स्मरणात असेल. जुलै 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून 3-2 अशी हरली. तीनपैकी दोन फेऱ्यांत बहुसंख्य परीक्षक मेरीच्या बाजूने होते. पहिली फेरी मात्र पाचांपैकी चौघांनी व्हॅलेन्सियाला दिली होती, आणि पुढच्या दोन फेऱ्या मेरीला मिळाल्या त्या 3-2 अशा निसटत्या. एकूण पंधरा मतांपैकी व्हॅलेन्सियाला आठ, मेरीला सात. प्रत्येक परीक्षकाची बेरीज वेगळी लागते, त्यामुळे दोन फेऱ्या जिंकूनही सामना गेला. लढत संपली तेव्हा आपणच जिंकलो असे मेरीला वाटत होते. तिचे वाटणे खोटे नव्हते आणि बेरीजही चुकलेली नव्हती.

एमएमएमधले उदाहरण आणखी बोलके आहे. 8 जून 2024 रोजी अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने ब्राझीलच्या रायाने दोस सांतोसला हरवले. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. गुणपत्रिका अशा होत्या: 30-27 पूजा, 30-27 दोस सांतोस, 29-28 पूजा. एका परीक्षकाने तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या, दुसऱ्याने एकही दिली नाही. पाहणाऱ्याला वाटावे, यातला एक तर झोपला होता किंवा विकला गेला होता. पण तिन्ही फेऱ्या चुरशीच्या असतील, आणि एका परीक्षकाचा कल लाथांच्या जोराकडे, तर दुसऱ्याचा फटक्यांच्या सातत्याकडे जरासा झुकलेला असेल, तर तो बारीकसा कल तीनदा तसाच नोंदला जातो आणि कागदावर दरी दिसते. प्रत्येक फेरीत केसाएवढा असलेला फरक 10-9 च्या साच्यातून तीनदा गेला की सहा गुणांचा होतो. आपल्या वर्तमानपत्रांनी ऐतिहासिक विजयाची बातमी दिली, ते योग्यच झाले. तो इतिहास तिसऱ्या परीक्षकाच्या एका गुणावर उभा होता, हेही त्यासोबत सांगायला हवे होते.

याचा अर्थ सगळेच वाद असे समजून घेता येतात, असा नाही. 8 फेब्रुवारी 2020 रोजी ह्यूस्टनमध्ये जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेस लढले. सुरुवातीच्या फेऱ्यांत रेयेस पुढे होता, शेवटच्या दोन जोन्सच्या, याबद्दल फारसे दुमत नाही. मधली एखादी फेरी जोन्सला देऊन दोन परीक्षकांनी 48-47 लिहिले. ते वादग्रस्त असले तरी त्यावर चर्चा होऊ शकते. तिसऱ्याने 49-46 लिहिले. म्हणजे त्याच्या मते रेयेसने पाचांपैकी एकच फेरी जिंकली. त्या परीक्षकाला काय दिसले, हे जाणून घेण्याची मला आजही इच्छा आहे. ते जाणून घेण्याचा मार्ग नाही.

नियमाचे वाचन

साहित्याचा वाचक एखाद्या संहितेतला शब्दक्रम पाहतो, तसा या नियमावलीतला क्रमही पाहण्यासारखा आहे. जुन्या मसुद्यात परिणामकारक फटके, परिणामकारक पकडी, रिंगणावरचे नियंत्रण, आक्रमकता आणि बचाव अशी यादी होती, आणि आधी आलेल्या निकषाला जास्त वजन द्यायचे होते. ‘जास्त’ म्हणजे किती, हे परीक्षकावर सोडले होते. त्यामुळे पुढे-पुढे चालत जाणारा, मध्यभाग अडवून धरणारा लढवय्या मार खात असूनही वरचढ भासू शकत असे.

ऑक्टोबर 2009 मध्ये लॉस एंजेलिसला ल्योतो माचिदा आणि माउरिसिओ ‘शोगुन’ रुआ या दोन ब्राझिलियनांची लढत झाली. शोगुनने पाच फेऱ्या माचिदाच्या मांड्यांवर आणि बरगड्यांवर लाथा मारल्या. डोक्यावर बसलेला ठोसा सगळ्यांना दिसतो. मांडीवरची लाथ दिसते, पण तिचा परिणाम उशिरा, चालण्यातून कळतो. तिन्ही परीक्षकांनी 48-47 असा कौल माचिदाला दिला. सभागृहात नाराजी उसळली. मे 2010 मध्ये मॉन्ट्रियलला दोघे पुन्हा भेटले, तेव्हा शोगुनने पहिल्याच फेरीत माचिदाला बेशुद्ध पाडून परीक्षकांना कामच ठेवले नाही. लोक म्हणाले, न्याय झाला. तसा तो झाला नाही. दुसऱ्या लढतीचा निकाल पहिल्या लढतीचा पुरावा होऊ शकत नाही. न्यायाची भूक मात्र त्यातून दिसली.

2017 पासून लागू झालेल्या दुरुस्त नियमांनी क्रमाची संदिग्धता बरीच दूर केली. आता फटके आणि पकडी यांचा परिणाम हाच पहिला निकष. तो अगदी समसमान असेल तरच आक्रमकतेकडे पाहायचे, आणि तीही समसमान असेल तरच रिंगणावरच्या नियंत्रणाकडे. परिणाम म्हणजे काय, तर लढत संपवण्याच्या दिशेने नेणारा आघात. आणि तात्काळ परिणामाचे वजन साचत गेलेल्या परिणामापेक्षा अधिक.

ही दुरुस्ती चांगलीच आहे. तरी तिच्या पोटातली अडचण पाहा. लढत संपली नाही, म्हणून तर परीक्षकाची गरज पडली. आणि परीक्षकाला विचारले जाते, की न झालेल्या शेवटाच्या जास्त जवळ कोण गेले होते. जे घडले ते मोजता येईल, पण घडता घडता राहिले ते अंदाजानेच जोखावे लागते. गळ्याभोवतीची पकड किती आवळली होती हे गळ्याच्या मालकालाच ठाऊक, आणि तो तर ते लपवण्यात वाकबगार असतो. नियम कितीही काटेकोर लिहिला, तरी या ठिकाणी अर्थ लावणारा माणूस लागणारच.

उपायांचे फलित

उपाय सुचवणाऱ्यांची कमतरता नाही. एक उपाय नियमातच आला. आघात, वर्चस्व आणि त्याचा कालावधी हे तीन मुद्दे सांगून परीक्षकांना आठ गुण देण्यात कंजुषी करू नका असे बजावण्यात आले, म्हणजे केसभर आणि हातभर यांतला फरक कागदावर उमटेल. सप्टेंबर 2023 मध्ये अलेक्सा ग्रासो आणि व्हॅलेंटिना शेव्हचेंको यांच्या दुसऱ्या लढतीत त्याचा अनुभव आला. एक कौल शेव्हचेंकोला 48-47, एक ग्रासोला 48-47. तिसऱ्या परीक्षकाने तीन फेऱ्या शेव्हचेंकोला दिल्या होत्या, पण शेवटची फेरी ग्रासोला 10-8 अशी दिली. बेरीज 47-47. लढत अनिर्णित, किताब ग्रासोकडेच. तिथे आठाऐवजी नऊ लिहिले असते, तर शेव्हचेंको जगज्जेती झाली असती. त्या फेरीच्या शेवटी ग्रासोने पाठीवर ताबा मिळवून फटके मारले होते, हे खरे. पण बाकी दोन परीक्षकांना ती 10-9 चीच वाटली. फरक नोंदवण्यासाठी दिलेले साधनच वादाचे कारण झाले. वर्षभराने तिसरी लढत झाली, ती शेव्हचेंकोने तिन्ही गुणपत्रिकांवर 50-45 अशी जिंकली.

दुसरा उपाय जपानच्या प्राइड स्पर्धेत होता आणि सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपमध्ये आहे: फेऱ्या मोजू नका, संपूर्ण लढतीवर एकच कौल द्या. प्रेक्षकाच्या मनातल्या बेरजेला हे जवळचे आहे. पण मग मतभेद नेमका कुठे झाला हे शोधायलाही जागा उरत नाही. सेंट-पिएर-हेंड्रिक्स लढतीचा गुंता पहिल्या फेरीत आहे, हे आपल्याला कळले ते फेरीनिहाय नोंदींमुळेच. तिसरा उपाय 2020 मध्ये कॅन्ससमध्ये स्त्रियांच्या इन्व्हिक्टा स्पर्धेत वापरला गेला: प्रत्येक फेरीनंतर गुण जाहीर करायचे. लढणारीला निदान आपण कुठे आहोत ते समजते. मागे असलेली अधिक धोका पत्करते. पुढे असलेली सावध खेळून वेळ काढील, अशी भीतीही व्यक्त होते.

या तिन्ही उपायांत आकडा बदलतो किंवा त्याची वेळ बदलते. आकड्यामागचे कारण कोणीच मागत नाही.

कारणाची ओळ

हे केवळ तात्त्विक दुखणे नाही. या खेळातल्या अनेक करारांत लढतीला उतरण्याचे एक मानधन असते आणि जिंकल्यास तेवढीच रक्कम वर मिळते. सराव, आहार, प्रशिक्षक, उपचार यांचा खर्च त्यातूनच भागतो. तेव्हा निसटत्या फेरीतला एक गुण म्हणजे निम्मी कमाई, आणि नवख्या लढवय्यासाठी कदाचित पुढचा करारही. दाद मागावी, तर दार जवळपास बंद. नेवाडाच्या नियमांत निकाल फिरवण्यासाठी संगनमत, गुणांच्या बेरजेतली चूक किंवा पंचाने नियमाचा चुकीचा अर्थ लावणे, अशीच कारणे चालतात. परीक्षकाने लढत चुकीची वाचली, हे कारण त्यात नाही. ते नसावे हे मलाही पटते, नाहीतर प्रत्येक लढत न्यायालयात संपेल. पण जिथे अपील नाही, तिथे स्पष्टीकरण तरी असायला हवे.

न्यायाधीश निकालपत्र लिहितो, आणि बहुमताशी सहमत नसलेला न्यायाधीश आपले वेगळे मतही कारणांसह लिहितो. आपल्या वाङ्मयीन पुरस्कारांच्या निवड समित्यांवर आपण टीका करतो ती बहुधा निवडीपेक्षा मौनावर असते. या कवितासंग्रहाला दहा, त्याला नऊ, एवढेच लिहून थांबणाऱ्या समीक्षकाला कोणत्याही संपादकाने अंकात जागा दिली नसती. पिंजऱ्याशेजारचा परीक्षक तेच काम करतो, तेही जास्त घाईत आणि जास्त किमतीचे. आणि त्याच्याकडून आपण नेमके मौनच मागतो. मग त्या मौनात लोक आपापले अर्थ भरतात: लाच, पक्षपात, आंधळेपणा. प्रामाणिक मतभेद आणि धडधडीत चूक यांच्यातला फरकच पुसला जातो. पूजा तोमरच्या लढतीतले परस्परविरोधी 30-27 आणि ह्यूस्टनमधले 49-46 हे एकाच तराजूत टाकले जातात. त्यात प्रामाणिक परीक्षकाचे नुकसान होते आणि अकुशल परीक्षकाचा फायदा, कारण त्याला बाकीच्यांच्या गर्दीत लपता येते.

माझी सूचना साधी आहे. फेरीगणिक आकडा आजच्यासारखाच तत्काळ द्यावा. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात त्याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल. कार्यक्रम संपल्यावर मात्र परीक्षकाने प्रत्येक फेरीसाठी एक ओळ लिहावी आणि आयोगाने ती गुणपत्रिकेसोबत प्रसिद्ध करावी. कोणता आघात निर्णायक वाटला, कोणती पकड, कोणता निकष. पूर्ण निबंध नको. आक्षेप येईल, की परीक्षक साचेबंद ओळी लिहू लागतील. लिहितीलही. पण साचेबंद ओळही पुन्हा पाहता येणाऱ्या चित्रफितीशी ताडून बघता येते. नुसता नऊ ताडून बघता येत नाही.

एवढे सांगण्याचा अधिकार मला कुठून, असे कोणी विचारील. मी कधी पिंजऱ्याजवळ बसलेलो नाही. समालोचकांचा प्रभाव पडू नये म्हणून आवाज बंद करून लढती पाहायच्या आणि वहीत फेरीगणिक गुण व कारण लिहायचे, एवढीच माझी पद्धत. त्या वहीत सेंट-पिएर-हेंड्रिक्स लढतीची पहिली फेरी दोनदा आली आहे. पहिल्या वेळी लिहिले आहे: 10-9 सेंट-पिएर, सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्याला खाली पाडले, सूत्रे हाती ठेवली. काही वर्षांनंतरची नोंद: 10-9 हेंड्रिक्स, बिलगलेल्या स्थितीतले गुडघे आणि कोपर जास्त इजा करणारे, पाडल्यानंतर सेंट-पिएरला काही साधले नाही. आजच्या निकषांनी मला दुसरी नोंद बरोबर वाटते. तेव्हाच्या नियमांत नियंत्रणाला जी जागा होती ती पाहता, पहिली नोंद करणाऱ्या दोन परीक्षकांना मी दरोडेखोर म्हणणार नाही.

दोन्ही अक्षरे माझीच आहेत. खाली कारण लिहिले होते, म्हणून मी कुठे बदललो ते मला सापडले. त्या रात्रीच्या तीन गुणपत्रिकांवर तेवढी एक ओळ असती, तर हेंड्रिक्सलाही ते सापडले असते.